अठ्ठावीस पायांची पंगत

लग्नघरी सगळ्यांत अवघड काम कोणते, असे विचारले तर पुष्कळजण आचाऱ्याकडे बोट दाखवतील. पण ज्यांनी एकदा तरी यजमानपण निभावले आहे ते सांगतील, की स्वयंपाक परवडला, पंगत नको! आजोबांना मांडी घालता येत नाही, त्यांना भिंतीशी खुर्ची हवी. विहीणबाईंना मानाचे पान हवे. लेकुरवाळ्या बायकांना दाराजवळची जागा हवी. वाढप्यांना मधून वाट हवी. आणि हे सारे जुळते न जुळते तोच आयत्या वेळी चार पाहुणे जास्त येऊन उभे राहतात.

वाचकहो, अशीच एक पंगत जळगाव-धुळ्याकडची अभियांत्रिकीची मुले-मुली दरवर्षी बसवीत असतात. बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगाव येथील महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला ‘प्रोजेक्ट’ नावाचे प्रकरण असते, आणि त्यात शेतातल्या मोटरीचे नियंत्रण हा विषय हटकून येतो. या पंगतीचा मांडव म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढी एक काळी चकती. तिला दोन्ही अंगांनी चौदा-चौदा पाय. कोणत्या पायाला कोणती तार जोडावयाची, एवढाच प्रश्न! ऐकायला पोरखेळ वाटतो. पण हा प्रश्न चुकला तर मोटर जळते, केळीचा बाग वाळतो, आणि एखाद्या वेळी माणसाच्या जिवावर बेतते. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर आज ही पंगत जरा जवळून पाहू.

रात्रीची पाळी

खानदेशात मोटर म्हणजे रस्त्यावर धावणारी गाडी नव्हे. मोटर म्हणजे विहिरीवरचा पंप. तापीच्या काठी रावेर, यावल, चोपडा या भागांत केळीचे बाग उभे आहेत ते या मोटरींच्या जिवावर. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात मातीचा आणि हवेचा वाटा आहे तसाच पाण्याचाही आहे. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९८० नंतरच्या दशकात ठिबक सिंचनाचा प्रसार हाती घेतला आणि थेंबाथेंबाने पाणी देण्याची रीत या जिल्ह्यात रुजली. पण थेंब असो की पाट, पाणी विहिरीतून वर आणावयाचे तर वीज हवी.

आणि वीज येते ती तिच्या सवडीने. शेतीच्या वाहिनीवर थ्री-फेज पुरवठा वर्षानुवर्षे पाळीपाळीने मिळत आला. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की घरचा कर्ता माणूस हातात बॅटरी नि काठी घेऊन मळ्याकडे निघतो. अंधार, चिखल, पायाखाली साप, यावलकडे तर बिबट्याचीही धास्ती. घरी बाईचा डोळा लागत नाही. तिकडे पोहोचावे तर कधी तीनांपैकी एक फेज गेलेली असते. अशा वेळी मोटर सुरू केली तर ती नुसती घुमते, तापते आणि पाहता पाहता जळते. मग ती काढा, तालुक्याला न्या, रिवाइंडिंग करा. तोवर वैशाखातले ऊन बागेवर तळपतच असते.

या फेऱ्या टाळण्यासाठी पुष्कळांनी डोके लढवले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी मोबाइलवरून पंप चालू-बंद करण्याचे ‘नॅनो गणेश’ नावाचे साधन तयार केले. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. घरी अंथरुणावर बसून फोन लावावा आणि दोन मैलांवरची मोटर सुरू व्हावी, याचे अप्रूप शहरातल्या वाचकाला वाटणार नाही. ज्याने रात्री दोनला बांध तुडवला आहे, त्याला विचारा!

कोणाला काय जमते?

आता त्या काळ्या चकतीकडे वळू. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हा एक इवलासा संगणकच. गणित करणारा मेंदू, आठवण ठेवणारी पाटी आणि बाहेरच्या जगाशी बोलणारे पाय, हे सारे एकाच डबीत. आपल्या घरातले कपडे धुण्याचे यंत्र, इन्व्हर्टर, मुलांची बॅटरीवरची खेळणी यांच्या पोटात असाच एखादा बसलेला असतो. १९८० साली इंटेल कंपनीने ‘८०५१’ नावाचा चाळीस पायांचा मायक्रोकंट्रोलर काढला, आणि आपल्याकडे तंत्रनिकेतनांतल्या कित्येक पिढ्या त्याच्यावर शिकल्या. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइम गावी बोगेन आणि वोलान या दोन विद्यार्थ्यांनी ‘एव्हीआर’ची मूळ कल्पना मांडली, त्याच घराण्यातला ‘एटीमेगा ३२८पी’ इटलीतल्या इव्रेआ गावी २००५ साली जन्मलेल्या ‘आर्डुइनो’च्या पाटीवर पुढे बसला आणि जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेला. आपली अठ्ठावीस पायांची डबी ती हीच.

अठ्ठावीसपैकी पाच पाय तिच्या स्वतःच्या वीजपुरवठ्यासाठी आणि मोजमापाच्या आधारासाठी जातात. उरले तेवीस. त्यांतले दोन ठोके देणाऱ्या स्फटिकाला, एक ‘पुन्हा पहिल्यापासून’ म्हणजे रीसेटला. राहिले वीस. आता या विसांतले सगळे सारखे असते तर प्रश्नच नव्हता. पण तसे नाही. साधे ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगणे-ऐकणे सगळ्यांना येते. विजेचा दाब किती, हे मोजण्याची कला मात्र फक्त सहाजणांना अवगत. धावत्या कामातही ‘थांब, आधी माझे ऐक’ असे मेंदूला तत्काळ सांगण्याचा खास मान दोघांना. विजेचे बारीक-बारीक तुकडे करून छोट्या मोटरीची गती कमी-जास्त करणारे सहाजण. तेही दोघा-दोघांच्या जोडीने एकेका घड्याळाला बांधलेले. एका घड्याळाची चाल बदलली की जोडीदाराचीही बदलते, आणि त्यांतले एक घड्याळ तर घरच्या वेळेचा हिशेब ठेवण्यात आधीच गुंतलेले.

शिवाय एकाच पायाला दोन-दोन कसब. मोजमाप जाणणाऱ्या सहांपैकी शेवटचे दोघेच दोन तारांवरून इतर चकत्यांशी बोलू शकतात. त्यांना एका कामाला लावले की दुसऱ्याला मुकावे लागते. घरातली सून गायनातही हुशार आणि स्वयंपाकातही. पण एका वेळी ती दिवाणखान्यात तरी बसणार, नाहीतर चुलीपाशी तरी!

फडाचा धडा

या वाटपाची रीत शिकण्यासाठी परदेशी ग्रंथ उघडण्याची गरज नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी चला. तिथे शेकडो वर्षांपासून ‘फड’ पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठमोठे भाग म्हणजे फड. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते गावाने मिळून ठरवावयाचे. उसाचा फड वेगळा, हंगामी पिकाचा वेगळा. पाण्याचे मान पाहून यंदा किती फड भिजवावयाचे, तेही आधीच ठरे. पाटकरी पाणी सोडी, जागल्या राखण करी. तरुण विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत शिरले, तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी याच पांझरेवर, दातर्ती गावी, पाण्याच्या नळाचे अवघड काम पुरे केले होते.

फडाचे शहाणपण एवढेच, की वाटप पाणी सुटण्याच्या आधी ठरते. एकदा पाट वाहू लागला की मग भांडण! चकतीचेही तसेच. छापील तारांची पाटी एकदा बनून आली, की तांब्याच्या रेघा हलवता येत नाहीत. म्हणून आधी कागद, मग तांबे. आणि त्या कागदावर पहिली ओळ कोणाची? ज्याला दुसरीकडे कोठेही बसता येत नाही त्याची. कोठेही चालणारे पाहुणे शेवटी.

पाहुण्यांची यादी

दहा अश्वशक्तीच्या मोटरीचा स्टार्टर घेऊ. त्यात तीन मोठे कॉन्टॅक्टर असतात. मोटर आधी ‘स्टार’ जोडणीत सुरू करावयाची, म्हणजे सुरुवातीचा प्रवाह थेट जोडणीच्या एक-तृतीयांश राहतो. काही सेकंदांनी ‘डेल्टा’त न्यावयाची. मोजावयाचे काय? तीन फेजांमधले तीन दाब आणि तीन तारांतले तीन प्रवाह. झाले सहा. मोजमाप जाणणारे पायही सहा! यजमान खूश. पण लगेच दारात पाहुणा उभा: घड्याळ. पाळी कधी सुरू, कधी संपली, पाणी किती वेळ दिले, हे कळण्यासाठी वेळ सांगणारी चकती हवी, आणि तिला नेमके तेच शेवटचे दोन पाय हवेत. आता सहा पाने नि आठ माणसे.

येथे गणित धावून येते. तीन तारांच्या मोटरीला चौथी परतीची तार नसते. जो प्रवाह एका तारेने आत गेला तो उरलेल्या तारांनीच बाहेर यावा लागतो. म्हणून कोणत्याही क्षणी तिघांची बेरीज शून्य. दोघांचा प्रवाह मोजला की तिसऱ्याचा न मोजता कळला. फेजांमधल्या तीन दाबांचेही तसेच. सहा मापांचे काम चार पायांत आटोपले आणि शेवटचे दोन पाय घड्याळाला मोकळे झाले. केवढी काटकसर! मात्र तिची एक अट आहे. मोटरीचे आवरण फुटून वीज जमिनीत किंवा विहिरीच्या पाण्यात झिरपू लागली, तर ती बेरीज शून्य राहत नाही, आणि आपल्या हिशेबाला ते समजतही नाही. म्हणून गळती पकडणारा स्वतंत्र स्विच स्टार्टरच्या आधी बसवलाच पाहिजे. काटकसर पायांची करावी, जिवाची नव्हे.

आता पुढची यादी. मोबाइलच्या मोडेमला बोलायला एक आणि ऐकायला एक असे दोन पाय, आणि तो अडला तर त्याला झोपवून उठवण्यासाठी एक. गंमत अशी, की पाटीवर नवा कार्यक्रम चढवावयाचा तोही बोलण्या-ऐकण्याच्या याच दोन पायांवरून; म्हणून त्या वेळी मोडेम बाजूला काढता यावा अशी छोटी खुंटी ठेवावी लागते. तीन कॉन्टॅक्टरांसाठी तीन पाय. ठिबकच्या नळीतले पाणी मोजणाऱ्या मीटरचे ठोके चुकू नयेत म्हणून तत्काळ ऐकणाऱ्यांपैकी एक. दुसरा तत्काळ ऐकणारा ‘बंद’ बटणाला. कॉन्टॅक्टर खरोखर लागला की नाही, हे सांगणारा एक. विहिरीत पाणी आहे की नाही, हे सांगणारा एक. शिवाय ‘चालू’ बटण, ‘आपोआप की हाताने’ हा खटका आणि दोन दिवे.

बेरीज करा: मापांचे चार, घड्याळाचे दोन, मोडेमचे तीन, कॉन्टॅक्टरचे तीन, उरलेले आठ. बरोबर वीस! एकही पान शिल्लक नाही, आणि उद्या एखादा झडपेचा पाहुणा आला तर उभाच राहील. म्हणून घड्याळाच्याच दोन तारांवर आणखी एक साधी चकती बसवावयाची. ती दोन तारांच्या बदल्यात आठ नव्या जागा देते. निकडीचे नसलेले सगळे, म्हणजे ‘चालू’ बटण, खटका आणि दोन दिवे, तिकडे ओसरीवर. ‘बंद’ बटण मात्र माजघरातच राहू द्यावे. चार पाय मोकळे झाले. त्यांतले तीन कार्यक्रम चढवण्याच्या दुसऱ्या वाटेसाठी राखीव, आणि एक उद्याच्या पाहुण्यासाठी. जागा उरली म्हणून ती भरलीच पाहिजे असे नाही, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको.

वीज परत येते तेव्हा

आता खरा जोखमीचा भाग. ‘लाईट’ येणे-जाणे खानदेशात नवे नाही. वीज परत येताच चकती झोपेतून जागी होते, आणि त्या पहिल्या क्षणी तिचे सगळे पाय अधांतरी असतात. ना ‘हो’, ना ‘नाही’. अशा अधांतरी पायाला कॉन्टॅक्टरचा रिले जोडलेला असेल आणि आजूबाजूच्या विजेच्या खडखडाटाने तो पाय क्षणभर ‘हो’कडे झुकला तर? तिकडे कोणी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करीत असेल! म्हणून अशा प्रत्येक पायाला दहा हजार ओहमाचा एक रोधक लावून तो ‘नाही’कडे बांधून ठेवतात. त्याला खर्च म्हणावा असा येतच नाही. आर्डुइनोच्या पाटीवर तर तेरा क्रमांकाचा पाय जागे होताना आपणहून दोन-चारदा लुकलुकतो. तो दिव्याला शोभतो. तेथे कॉन्टॅक्टर बसवला तर प्रत्येक वेळी वीज आली की मोटर दचकून उठेल.

वाय-फाय असलेला ‘ईएसपी३२’ हल्ली मुलांचा लाडका. त्याचेही काही पाय असेच हट्टी आहेत. जागे होताना तो चार-पाच पायांकडे पाहून आपला दिवस कसा सुरू करावयाचा ते ठरवतो. त्यांच्यावर भलतेच काही जोडले तर तो उठतच नाही. काही पाय फक्त ऐकतात, बोलत नाहीत. आणि मोजमापाचा एक गट वाय-फाय चालू असताना मौन पाळतो. हे सारे उत्पादकाच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. वाचणारा भेटायला हवा.

आणखी एक जाणून घ्या. एका पायाने वीस मिलिअँपिअरच्या पुढे ओझे वाहू नये. छोट्या रिलेला सत्तरच्या आसपास लागतात. म्हणून मध्ये ट्रान्झिस्टरचा हमाल हवा, आणि रिले सुटताना उसळणारी वीज गिळायला डायोड हवा. मोडेम तर साद घालताना क्षणभर दोन अँपिअर मागतो. त्याची शिदोरी वेगळीच द्यावी, नाहीतर तो बोलू लागला की चकतीला झापड येते.

शेवटी, ज्या गोष्टी कोणत्याही पायावर सोपवू नयेत त्या अशा. ‘बंद’ बटणाने कॉन्टॅक्टरची वीज थेट तोडलीच पाहिजे. चकतीला फक्त खबर मिळावी. स्टार आणि डेल्टा एकाच वेळी लागले तर फेजा एकमेकींना भिडतात. तेव्हा ते दोघे एकमेकांना अडवतील अशी तारांचीच कडी घालावी. कार्यक्रम लिहिणारा कितीही हुशार असला तरी कडीकोयंडा लोखंडाचाच बरा. आणि गावातल्या सगळ्या मोटरी वीज येताच एकदम उठल्या तर डीपीवर भार कोसळतो. आपोआप चालू होणाऱ्या स्विचांवर वीज कंपनी नाराज असते ती याचसाठी. प्रत्येक चकतीने जागे झाल्यावर कमी-अधिक वेळ थांबून मगच मोटर लावावी, एवढा शेजारधर्म कार्यक्रमात लिहिता येतो.

उन्हावरची मोटर

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा मोठा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे, आणि ‘कुसुम’ योजनेनंतर शेतांतही सौरपंप दिसू लागले. थ्री-फेज सौरपंपाची पंगत निराळी. तेथे सूर्याच्या सरळ विजेपासून तीन फेज तयार करावयाच्या असतात. त्यासाठी सहा विजेची दारे, दोन-दोनच्या तीन जोड्या. एका जोडीतली दोन्ही दारे क्षणभरही एकदम उघडली तर शॉर्ट होऊन सारे भस्म. म्हणून हे सहा पाय एकाच घड्याळाच्या हुकमतीत असावे लागतात आणि एक दार मिटल्यावर दुसरे उघडण्यापूर्वी किंचित उसंत ठेवावी लागते. ‘एसटीएम३२’सारख्या चकत्यांत या कामासाठी एक खास घड्याळ आणि ठरलेले सहा पाय असतात; शिवाय सातवा ‘ब्रेक’चा. त्याच्यावर धोक्याची खूण आली की कार्यक्रमाला न विचारता सहाही दारे बंद! असे पाय दिव्यांना नि बटणांना वाटून टाकणारा विद्यार्थी पुढे पाटी पूर्ण करून बसतो आणि मग त्याला कळते, की मुख्य पाहुण्यालाच पान उरले नाही.

झाकणावरचा कागद

आपल्या घरात अशी प्रोजेक्ट करणारी मुलगी किंवा मुलगा असेल, तर त्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत. त्यासाठी आपण अभियंता असण्याची गरज नाही. पहिला: ‘वीज गेली आणि आली, तर तुझा हरएक पाय त्या क्षणी काय करतो?’ दुसरा: ‘हे कोठे लिहून ठेवले आहेस?’ पहिल्याचे उत्तर ‘माहीत नाही’ असे आले, तर पाटी अजून शेतात नेऊ देऊ नका. दुसऱ्याचे उत्तर वहीत किंवा फोनमध्ये असे आले, तर तेही पुरेसे नाही.

कारण पाटी तयार करणारा उद्या पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला जाईल, आणि पाच वर्षांनी वैशाखातल्या एखाद्या रात्री गावचा वायरमन त्या पेटीसमोर उभा राहील. त्याच्यासाठी पेटीच्या झाकणावर आतून एक कागद चिकटवावा: पाय कितवा, तार कोणत्या रंगाची, कोठून कोठे जाते, जागे होताना चालू की बंद. मराठीत, मोठ्या अक्षरांत, वीस ओळी. त्या वीस ओळी वाचता आल्या, की सकाळच्या आत मोटर सुरू होते आणि बाग वाचतो.